फोपसं

प्रयोगशाळा म्हणजे कपाटातला एक सांगाडा,
त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं हरवलेली,
आणि एक नळ, साडेदहापर्यंत येणारा.
म्हणून पाणी बादलीत आधीच भरून ठेवलं,
बाकावर जुना पेपर अंथरला
आणि उघडला डबा.

आठवी ब एकदम मागे सरकली,
मग एकदम पुढे.

काल मुदस्सरच्या अब्बांनी पैसे घेतले नाहीत.
“शिकवायला नेताय ना, बाई? मग नळी लांब ठेवतो,
एरवी आम्ही आखूडच कापतो,” म्हणाले,
आणि काळ्या पिशवीला दोन गाठी मारल्या.
तरी गोवंडी ते चेंबूर
बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

पुस्तकात उजव्या फुप्फुसाला तीन खंड, डाव्याला दोन.
सुबक आकृती काढून भागांना नावे द्या, गुण चार.
डब्यात उजवीकडे चार भरले.
“बाई, चुकलं?”
चुकलं नाही रे. पुस्तक माणसाचं आहे,
डबा बकऱ्याचा.
समोर जे असेल ते मोजायचं.

नळीवरून बोट फिरवा. कड्या लागतात?
पुढून टणक, मागून मऊ,
कारण मागे अन्ननलिका राहते, आणि घास उतरताना
तिला जरा फुगावं लागतं.
तेवढी जागा सोडलेली आहे.
दहा बाय दहात राहणाऱ्यांना
हे दोनदा सांगावं लागत नाही.

मग नळीत सायकलचा पंप.
दांडा खाली गेला तसा तो विटकरी, चुरगळलेला ऐवज
कडेकडेने गुलाबी होत उठला,
डब्यात मावेना.
कुणीतरी “आईशप्पथ” म्हणालं.
प्रज्योतने नकळत स्वतःच्या छातीवर हात ठेवला.
पंप काढला, आणि ते आपलं आपण मिटलं.

लिहून घ्या:
श्वास घ्यायला स्नायूंना कष्ट पडतात,
शांत बसलेलं असताना सोडायला पडत नाहीत.
“आणि पळताना?”
पळताना दोन्हीला.
वारा तेवढ्यात कचऱ्याच्या डोंगराकडून फिरला
आणि मॉनिटर न सांगता उठून
खिडकी लावून आला.

“बाई, हे पाण्यात टाका ना,” मुदस्सर म्हणाला.
“कलेजी बुडते. तिल्ली बुडते. फोपसं नाही बुडत.”
वीस वर्षं शिकवतेय,
कधी टाकून पाहिलं नव्हतं.
टाकलं. तरंगलं.
त्यानं दोन बोटांनी खाली दाबलं,
सोडताच वर आलं.

कारण याने श्वास घेतलेला आहे, मी म्हटलं.
एकदा आत गेलेली हवा
सगळीच्या सगळी कधी बाहेर येत नाही.

“आणि ज्याने एकदापण घेतला नसेल, त्याचं?”

तिसरा बाक. यशोधरा वाघचौरे.
जूनमध्ये आठ दिवस गैरहजर,
अर्जावर कारण: घरगुती.
सही माझीच.
तिची आई सुतिकागृहातून रिकाम्या हातांनी आली,
हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं,
म्हणून कुणी खोकलंसुद्धा नाही.

अभ्यासक्रमात नाही, असं म्हणता आलं असतं.
पुढचा धडाही होता.

“बुडतं,” मी म्हटलं. “बहुतेक वेळा.”

तिने वहीत लिहिलं.
शाई सुकेपर्यंत पानाकडे पाहिलं,
आणि बाकातून बाहेर येऊन पंप मागितला.

ते ओलं, जड, बादलीतून काढलेलं
तिने पेपरवर नीट उताणं ठेवलं,
नळी सरळ केली.
“हळू,” मुदस्सर म्हणाला, “फाटंल.”
“माहितीये,” म्हणाली,
आणि दांडा इतका सावकाश खाली नेला
की पहिला कोपरा कधी उघडला ते
माझ्याही लक्षात आलं नाही.

घंटा झाली. नळ कोरडा.
सगळी आठवी ब ओले हात
अंगापासून लांब धरून
जिना उतरत गेली.